पंजाबीची जवळची वाट मराठीतून जाते

पंजाबी शिकायचे ठरवले की मराठी माणूस बहुतेक वेळा हिंदीचे बोट धरतो. हिंदी येते, पंजाबी तिच्या शेजारची, तेव्हा 'का-के-की'च्या जागी 'दा-दे-दी' घातले, मधूनमधून 'जी' जोडला आणि दोनचार सिनेमांतले शब्द पेरले की काम झाले, असा हिशोब असतो. या पद्धतीने समोरच्याला आपले म्हणणे कळते, पण पंजाबी येत नाही. सहा महिन्यांनीही आपण हिंदीच बोलत असतो, फक्त तिला पंजाबी अंगरखा घातलेला असतो. समोरचा माणूस सभ्य असल्याने तो हिंदीत उत्तर देतो आणि शिकणे तिथेच थांबते. या लेखात मला एवढेच पटवून द्यायचे आहे की मराठी माणसाने रोजच्या बोलण्यापुरती पंजाबी शिकताना हिंदीऐवजी मराठीचा आधार घ्यावा, आणि त्यातून वाचलेला वेळ सगळाच्या सगळा कान तयार करण्यात घालवावा. पंजाबीत जे खरोखर अवघड आहे ते कानाचे आहे. बाकीचे बरेचसे आपल्या घरात आधीपासून आहे.

आधी घरात काय आहे ते पाहू. आपण 'पाणी' म्हणतो, पंजाबी माणूसही 'पाणी'च म्हणतो, 'पानी' नाही. 'कोण'ला तो 'कौण' म्हणतो, 'बहीण'ला 'भैण'. क्रियापदांच्या शेवटीही 'ण' येतो: जाणा, खाणा, पीणा, लैणा. अपवाद म्हणजे 'र' किंवा 'ण' आधी आला की शेवटी 'न' होतो, म्हणून करना आणि सुणना. हिंदीच्या सवयीने बोलणारा इथे सगळीकडे 'न' लावत जातो आणि दोन वाक्यांत ओळखू येतो. आपल्या जिभेला 'ण' शिकवावा लागत नाही, फक्त हिंदी बोलताना त्याला दाबायची जी सवय लागली आहे ती सोडावी लागते. 'ळ'चेही तसेच. पंजाबीत 'काळा', 'फळ', 'वेळा' हे शब्द बहुतेक भागांत 'ळ'नेच उच्चारले जातात. छापील गुरमुखीत 'ल'खालचा टिंब पुष्कळदा दिला जात नाही म्हणून तो डोळ्याला दिसत नाही, कानाला मात्र स्पष्ट ऐकू येतो. आणि 'व'. हिंदीने जिथे 'ब' केला तिथे पंजाबी आणि मराठी दोघींनी 'व' राखला. वाढणे–वधणा, वाजणे–वज्जणा, वाटणे–वंडणा, वीस–वीह. किती वाजले हे विचारायचे असेल तर 'किन्ने वज्जे ने?' असे विचारतात. मराठी वाक्य मनात धरून ठेवले तर हे एकदा ऐकून पुरते, हिंदीतल्या 'कितने बजे' वरून तिथे पोचायला वळसा पडतो.

शब्दांपेक्षा व्याकरणातला पुरावा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण शब्द कोशात सापडतात, वाक्याची घडी मात्र अंगात असावी लागते. भूतकाळातले एक साधे वाक्य घ्या. हिंदीत 'मैंने रोटी खाई' म्हणावे लागते, 'मैं'ला 'ने' चिकटवल्याशिवाय गत्यंतर नाही. मराठीत आपण 'मी भाकरी खाल्ली' म्हणतो, 'मीने' म्हणत नाही. 'ने' येतो तो तिसऱ्या माणसाला: 'त्याने भाकरी खाल्ली'. पंजाबीची रीत हुबेहूब हीच आहे. 'मैं रोटी खाधी', 'तुसीं की खाधा?', पण 'ओहने रोटी खाधी'. हिंदीमार्गे येणारा माणूस 'मैंने' म्हणण्याची चूक महिनोन्महिने करत राहतो, मराठीमार्गे येणाऱ्याला ती करण्याचे कारणच नाही. दुसरी गोष्ट अनेकवचनी स्त्रीलिंगाची. हिंदीत 'अच्छी लड़की' आणि 'अच्छी लड़कियाँ', विशेषण हलत नाही. मराठीत 'चांगली मुलगी' आणि 'चांगल्या मुली'. पंजाबीत 'चंगी कुडी' आणि 'चंगीआं कुडीआं'. विशेषण वचनाप्रमाणे बदलायची सवय आपल्याला जन्मापासून आहे, तीच इथे चालवायची. तिसरी गोष्ट 'आम्ही' आणि 'आपण' यांची. ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा भेद हिंदीतल्या 'हम'मध्ये दिसत नाही, म्हणून मराठी माणसाला हिंदी बोलताना कुठेतरी अडल्यासारखे होते. पंजाबीत 'असीं' आहे आणि 'आपां'ही आहे. 'आपां चल्लीए' म्हणजे आपण जाऊ या, तू आणि मी मिळून. एवढे सगळे फुकट मिळत असताना हिंदीच्या दारातून आत शिरण्यात काय अर्थ आहे?

यावर कोणी म्हणेल की ही निवडक उदाहरणे झाली, हिंदीची मदत काही कमी नाही. ते खरे आहे आणि ते नाकारायचे कारणही नाही. 'मी जातो आहे' यासाठी पंजाबीत 'मैं जा रिहा हां' (स्त्री असेल तर 'जा रही हां') म्हणतात, भविष्यकाळी 'मैं जावांगा, जावांगी' म्हणतात, आणि या दोन्ही रचना हिंदीच्याच साच्यातल्या आहेत. तिथे हिंदी खुशाल वापरावी. मराठीतली तीन लिंगेही इथे अडचण करतात, कारण पंजाबीत दोनच आहेत. आपले नपुंसकलिंगी पाणी, दूध, घर तिथे पुल्लिंगी होतात, आणि आपला चहा, जो मराठीत पुरुष आहे, तो पंजाबीत 'चाह' म्हणून स्त्रीलिंगी आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की हिंदी ही दोन खोल्यांची किल्ली आहे, घराची नव्हे. काळ आणि लिंग यांसाठी ती वापरा, उच्चार, भूतकाळाची रचना आणि सर्वनामे यांसाठी मराठीकडे पाहा. दोन्ही हाताशी असणे ही मराठी माणसाची मोठी सोय आहे, फक्त कुठे कोणती वापरायची हे ठाऊक हवे.

आता अवघड भागाकडे. पंजाबीत सूर आहेत. म्हणजे तेच व्यंजन, तोच स्वर, पण आवाज वर चढवला की एक अर्थ आणि खाली दाबला की दुसरा. आपल्या देशातल्या मोठ्या भाषांत हे फार विरळ आहे, मराठीत आणि हिंदीत तर नाहीच. हे सूर कसे आले ते कळले की निम्मी भीती जाते. घ, झ, ढ, ध, भ ही जी महाप्राण घोष व्यंजने आहेत, ती पंजाबीने बोलण्यातून सोडून दिली, पण त्यांची खूण सुराच्या रूपाने मागे ठेवली. शब्दाच्या सुरुवातीला 'घ' असेल तर त्याचा उच्चार 'क' होतो आणि पुढचा स्वर खाली दाबून निघतो. 'झ'चा 'च', 'ढ'चा 'ट', 'ध'चा 'त', 'भ'चा 'प'. म्हणून लिहितात 'घर', ऐकू येते दाबलेल्या आवाजातले 'कर'. लिहितात 'भैण', ऐकू येते 'पैण'. हिंदी सिनेमातला 'पाजी' हा मुळात 'भाजी' आहे, म्हणजे भाऊ, आदरार्थी. हेच व्यंजन शब्दाच्या मध्ये किंवा शेवटी आले तर उलटे घडते: त्यातला 'ह' गळतो आणि आधीचा स्वर वर चढतो. 'दुद्ध' लिहिले तरी 'दुद्द' ऐकू येते, 'दु'वर आवाज चढवून. नुसता 'ह' मध्ये आला तरी तसेच: 'रहिंदे'चे 'रैंदे', 'शहर'चे 'शैर', 'चाह'चे आवाज चढवलेले 'चा'. भाषेच्या पुस्तकांत नेहमी दिले जाणारे उदाहरण तीन शब्दांचे आहे. सपाट आवाजात 'कोडा' म्हणजे चाबूक, दाबलेल्या आवाजात 'कोडा' म्हणजे घोडा, चढवलेल्या आवाजात 'कोडा' म्हणजे कुष्ठरोगी. लिहिताना तिघे वेगळे दिसतात, बोलताना फरक फक्त सुराचा.

हे ज्याला ठाऊक नाही त्याची काय गत होते ते एका ठिकाणी फार चांगले दिसते. संत नामदेवांमुळे मराठी माणसांना घुमान हे गाव माहीत आहे. गुरदासपूर जिल्ह्यातले हे गाव, जिथे नामदेव दीर्घकाळ राहिले असे परंपरा सांगते. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि 2015 साली 88वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले होते. आता कल्पना करा की कोणी मराठी यात्रेकरू बटाल्याच्या बसस्थानकावर उभा आहे आणि घुमानची बस शोधतो आहे. कंडक्टर गावाचे नाव पुकारतो, पण मराठी कानाला ऐकू येते 'कुमाण'. सुरुवातीचा 'घ' नियमाप्रमाणे 'क' झाला, आवाज दाबला गेला आणि शेवटचा 'न' तर पंजाबीत मुळातच 'ण' आहे. यात्रेकरू 'घ'ची वाट पाहत उभा राहील आणि बस निघून जाईल. उलट बाजूने पाहा. यात्रेकरूने स्वच्छ मराठी उच्चारात 'घुमान' विचारले तर कंडक्टरला ते लगेच कळते, कारण हिंदी उच्चार त्याच्या कानावर रोज पडतात. म्हणजे सूर आले नाहीत तर आपले बोलणे अडत नाही, ऐकणे अडते. शिकण्याचा क्रम यावरूनच ठरवायला हवा. पहिले काही आठवडे सूर काढण्याचा खटाटोप करू नये, ओळखण्याचा करावा. 'कर' ऐकू आले की मनाने थांबावे: सपाट असेल तर 'कर', दाबलेले असेल तर 'घर'. संदर्भ मदतीला असतोच. तोंडातून सूर आपोआप यायला लागतात ते कान तयार झाल्यावर, त्याआधी ओढूनताणून काढलेला सूर नाटकी वाटतो.

सूर कानात बसवायला एक सोपी युक्ती आहे. मराठीत 'हो' हा शब्द होकार म्हणूनही येतो आणि 'हो?' असा प्रश्न म्हणूनही, आणि दोन्हींतला आवाजाचा फरक आपण एकमेकांना न शिकवता ओळखतो. फक्त तो फरक आपण वाक्याच्या भावाला लावतो, पंजाबी माणूस तो शब्दाच्या अर्थाला लावतो. 'गल्ल' म्हणजे गोष्ट, बोलणे, आणि आवाज चढवून तेच म्हटले तर गाल. अशा जोड्या कोणाकडून तरी म्हणून घेऊन, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, डोळे मिटून कोणता कोणता ते ओळखत बसावे. दिवसाला दहा मिनिटे पुरे आहेत. एकट्याने पुस्तकावरून हे होणार नाही, आणि ज्या पुस्तकांत सुरांचा उल्लेखही नाही ती सुरुवातीला बाजूला ठेवलेली बरी.

ऐकायचे काय, हा प्रश्न इथे येतो आणि बहुतेकांचे उत्तर गाणी असते. गाण्यांचा मला विरोध नाही, ती उमेद टिकवतात आणि शब्द डोक्यात राहतात. पण गाण्यातली चाल शब्दाच्या सुराला गिळून टाकते. जे शिकायचे तेच तिथे ऐकू येत नाही. शिवाय गाण्यांतली भाषा दुकानात किंवा बसमध्ये बोलायची नसते. कीर्तन आणि गुरबाणी यांबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण श्रद्धेने तिकडे वळणारे पुष्कळ असतात. गुरू ग्रंथ साहिबाची भाषा आजच्या बोलीपेक्षा जुनी आणि अनेक प्रांतांच्या संतांच्या बोलींनी मिसळलेली आहे. ती ऐकावी, समजून घ्यावी, पण भाजीवाल्याशी बोलण्याची तयारी म्हणून ती धरू नये. कान तयार करायला साधे, सलग, न गायलेले बोलणे हवे: आकाशवाणी जालंधरचे कार्यक्रम, दूरदर्शन पंजाबीवरच्या बातम्या आणि मुलाखती, शेतीविषयक चर्चा. बातम्यांचा वेग जास्त वाटला तर मुलाखती ऐकाव्यात, माणसे तिथे थांबत-थांबत बोलतात. पहिल्या दिवसांत सगळे कळलेच पाहिजे असा आग्रह नको. एकाच मुलाखतीचा तोच तुकडा पुन:पुन्हा ऐकला तर तिसऱ्या-चौथ्या वेळी शब्दांच्या कडा दिसायला लागतात.

दुसरी अडचण सुरांइतकी गाजलेली नाही, पण तिने होणारा गोंधळ काही कमी नसतो. पंजाबीत जोडाक्षरी उच्चाराला फार महत्त्व आहे. 'दस' म्हणजे दहा आणि 'दस्स' म्हणजे सांग. 'पता' म्हणजे ठाऊक असणे आणि 'पत्ता' म्हणजे झाडाचे पान. प्राकृतातले दुहेरी व्यंजन मराठीने एकेरी केले आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबवला, पंजाबीने ते जसेच्या तसे ठेवले. त्यामुळे एक उपयोगी नियम हाती येतो: मराठीतला दीर्घ स्वर आखूड करा आणि पुढचे व्यंजन दुप्पट करा. हात–हत्थ, कान–कन्न, नाक–नक्क, सात–सत्त, आठ–अट्ठ, काम–कम्म, आज–अज्ज. नियम सगळीकडे लागत नाही, चार हा चारच राहतो, पण पहिल्या दोनशे शब्दांत तो इतक्या वेळा उपयोगी पडतो की पाठांतराचा मोठा भार कमी होतो. हा फायदा हिंदीवरून येणाऱ्यालाही मिळतो हे मान्य, तरी 'इथे'वरून 'इत्थे' आणि 'तिथे'वरून 'उत्थे' गाठणे मराठी माणसालाच सोपे. 'कुठे'साठी 'कित्थे', 'कुठून'साठी 'कित्थों'.

आता तोंड उघडायचे. पहिल्या महिन्यात नवे शब्द गोळा करण्यापेक्षा तीन-चार वाक्यांचे साचे पक्के करावेत आणि त्यांत शब्द बदलत राहावे. पहिला साचा गरजेचा: 'मैनूं पाणी चाहीदा ए', म्हणजे मला पाणी पाहिजे. 'मैनूं, तैनूं, सानूं, तुहानूं' म्हणजे मला, तुला, आम्हाला, तुम्हाला. हे चार शब्द झोपेतही यायला हवेत. 'चाहीदा' वस्तूप्रमाणे बदलतो: पाणी चाहीदा, चाह चाहीदी, दो रोटीआं चाहीदीआं. दुसरा साचा जाण्यायेण्याचा: 'मैं बटाले जाणा ए', मला बटाल्याला जायचे आहे. इथे 'मैनूं' न लावता 'मैं' म्हणणे ही पंजाबीची खास ढब, आणि मराठीचा आधार इथे दगा देतो, म्हणून हे वाक्य वेगळे घोटून घ्यावे. तिसरा किमतीचा: 'इह किन्ने दा ए?' चौथा सगळ्यांत मोलाचा, कारण त्याने शिकणे चालू राहते: 'मैनूं पंजाबी थोडी-थोडी आउंदी ए, हौळी बोलो जी.' मला पंजाबी थोडी-थोडी येते, सावकाश बोला. वाक्याची घडी आपल्यासारखीच आहे. याला जोडून 'फेर दस्सो जी' (पुन्हा सांगा) आणि 'इस नूं पंजाबी विच की कैंदे ने?' (याला पंजाबीत काय म्हणतात?). हे शेवटचे वाक्य ज्याला आले त्याला शिक्षक शोधावा लागत नाही, भेटणारा प्रत्येक माणूस शिक्षक होतो. ढाब्यावर बसल्यावर 'होर' हा शब्द हवाच. 'होर रोटी?' असे विचारले की हवी असेल तर 'हांजी', नको असेल तर 'बस जी'. गप्पा पुढे न्यायच्या असतील तर 'होर दस्सो', म्हणजे बाकी काय म्हणता. कोणी चुकून धक्का दिला, उशीर केला, माफी मागितली तर 'कोई गल्ल नहीं'. निरोप घेताना 'चंगा जी, फेर मिलांगे'.

संबोधनांबद्दल अधिक काळजी घ्यावी असे मला वाटते, कारण उच्चाराची चूक पंजाबी माणूस हसून सोडतो, आदराची चूक मनात ठेवतो. सिनेमांनी आपल्याला 'ओये' आणि 'तूं' शिकवले आहे. हे शब्द दोस्तांत चालतात, अनोळखी माणसाशी किंवा वडीलधाऱ्यांशी ते चालत नाहीत. आपल्याकडे अनोळखी माणसाला 'तुम्ही' म्हणतो तसे तिथे 'तुसीं' म्हणावे आणि क्रियापद अनेकवचनी ठेवावे: 'तुसीं कित्थे रैंदे ओ?' तुमचे म्हणजे 'तुहाडा', बोलताना ते 'त्वाडा' ऐकू येते आणि लुधियाना-बठिंड्याकडच्या मलवई बोलीत 'थोडा' होते. 'थोडा घर कित्थे ए?' असा प्रश्न आला तर तुमचे घर लहान आहे का असे कोणी विचारत नाही, एवढे लक्षात असू द्यावे. आपल्या वयाच्या पुरुषाला 'वीर जी' किंवा 'भाजी', बाईला 'भैण जी', म्हाताऱ्या माणसाला 'बाबा जी' किंवा 'बापू जी', म्हातारीला 'माता जी' किंवा 'बीबी जी'. लहानांना 'पुत्त', मुलगी असली तरी. शीख माणसाला भेटल्यावर 'सत स्री अकाल जी' म्हणावे, हिंदू पंजाब्याला 'नमस्ते' चालते, आणि सरहद्दीपलीकडच्या पंजाबात 'सलाम'. पलीकडच्या पंजाबची बोलीही हीच, लिपी मात्र शाहमुखी, जी फारशीच्या वळणाची आहे. गुरुद्वाऱ्यात लंगरला पंगतीत बसल्यावर वाढणारा सेवादार पोळीला 'रोटी' न म्हणता 'प्रशादा' म्हणतो, आणि तो दोन्ही हात पुढे करून घ्यायचा असतो. डोके झाकलेले असावे. हे भाषेचे नाही असे कोणाला वाटेल, पण तिथे हे भाषेचेच आहे.

लिपी शिकायची की नाही यावर दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण म्हणतात बोलण्यापुरती भाषा हवी तर लिपीचा खटाटोप कशाला, देवनागरीत लिहून घेतले की झाले. काही जण लिपीपासूनच सुरुवात करतात आणि महिनाभर अक्षरे गिरवतात. मला दुसरी पद्धत चुकीची वाटते आणि पहिली अपुरी. अक्षरांपासून सुरुवात केली तर 'घर' हा शब्द डोळ्यांनी 'घर' असाच वाचला जातो, तोच उच्चार मनात घट्ट बसतो आणि मग कानाला शिकवायला दुप्पट कष्ट पडतात. पण कान थोडा तयार झाल्यावर, साधारण महिन्या-दीड महिन्याने, लिपी शिकणे फायद्याचे ठरते. एक तर पंजाबात बसच्या पाट्या, दुकानांचे फलक, सरकारी सूचना गुरमुखीत असतात. दुसरे म्हणजे गुरमुखी स्पेलिंगमध्ये सुराची खूण जपलेली असते: 'घ' लिहिला आहे म्हणजे आवाज दाबायचा, शेवटी 'ह' आहे म्हणजे चढवायचा, आणि वर 'अधक' नावाची छोटी कोर आहे म्हणजे पुढचे व्यंजन दुप्पट. मूळ पस्तीस अक्षरांची ही वर्णमाला, म्हणून तिला 'पैंती' म्हणतात, आणि तिला आजचे रूप देण्याचे श्रेय दुसरे गुरू अंगद यांना दिले जाते. देवनागरी येणाऱ्याला ती आठवड्याभरात वाचता येते, फक्त सारख्या दिसणाऱ्या अक्षरांपासून सावध राहावे. गुरमुखीतला 'स' पाहताक्षणी आपल्या 'म'सारखा दिसतो आणि पहिले काही दिवस सगळे शब्द उलटेसुलटे वाचले जातात. 1962 साली स्थापन झालेल्या पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने नवशिक्यांसाठी आणि लिप्यंतरासाठी इंटरनेटवर साधने दिली आहेत, त्यांचा उपयोग करावा. वाचनाला जालंधरचा 'अजीत' किंवा चंडीगडचा 'पंजाबी ट्रिब्यून' यांतले मथळे पुरेत, लेख मागाहून.

राहिला शेवटचा आणि खरा आक्षेप. पंजाबात हिंदी सगळ्यांना समजते, कॅनडात इंग्रजीत भागते, मग एवढे कष्ट कशासाठी? काम भागवणे एवढाच हेतू असेल तर या आक्षेपाला उत्तर नाही, आणि अशा वाचकाने आपला वेळ दुसरीकडे घालवावा. पण काम भागणे आणि माणूस भेटणे यांत अंतर आहे. फगवाडा-मोहालीकडे शिकायला गेलेला मुलगा, लुधियान्याच्या कारखान्याशी व्यवहार करणारा व्यापारी, सरहद्दीवर बदली झालेला जवान, ब्रॅम्प्टनमध्ये पंजाबी शेजाऱ्यांत घर केलेले जोडपे, पंजाबी घरात लग्न होऊन गेलेली मुलगी, या सगळ्यांना हिंदीत मिळणारे उत्तर सौजन्याचे असते, पंजाबीत मिळणारे आपुलकीचे. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना तर हिंदी समजली तरी बोलायला अवघड जाते, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाशीच बोलणे होत नसेल तर त्या घरात आपण पाहुणेच राहतो. मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. मुंबईत जन्म घालवूनही मराठी न बोलणाऱ्याबद्दल आपल्या मनात जे असते, तेच पंजाबात राहूनही हिंदीवर भागवणाऱ्याबद्दल तिथल्या माणसाच्या मनात असू शकते. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 3.31 कोटी लोकांनी पंजाबी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. इतक्या माणसांपर्यंत पोचण्याची किंमत रोजचा अर्धा तास असेल तर ती जास्त नाही.

सरावासाठी पंजाबला जाण्याची वाट पाहू नये. मुंबईत शीव कोळीवाड्याच्या गुरू तेग बहादूर नगरात फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांची वस्ती आहे, महामार्गांवर ढाबे आहेत, आणि नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनासाठी अमृतसरकडून सचखंड एक्सप्रेसने यात्रेकरू येत असतात. परक्या मुलखात आलेल्या या माणसांशी कोणी त्यांच्या भाषेत बोलायला गेले तर त्यांना आनंदच होतो आणि घाई नसल्याने ती सावकाश बोलतात. पुढच्या वेळी नांदेडच्या स्थानकावर किंवा लंगरच्या पंगतीत शेजारी असे कोणी बसले असतील तर हिंदी बाजूला ठेवा, हात जोडून 'सत स्री अकाल जी' म्हणा आणि विचारा, 'तुसीं कित्थों आए ओ जी?' उत्तरातले गावाचे नाव ओळखता आले नाही तर 'फेर दस्सो जी' म्हणायला लाजू नका.